दहावीच्या पेपरांआधीची निरवानिरव

मी, शिवगंगा गुरुलिंग देवणीकर, वय चौसष्ट, राहणार अहमदपूर, जिल्हा लातूर, माझ्या मागे काय करावं ते आज लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. कुणी धाक दाखवलेला नाही. उलट लिहू नको असंच सगळे म्हणतात. माझी शाळा सातवीपर्यंत झाली, पुढचं वाचून वाचून आलं. कायद्याची भाषा चुकली असेल तिथे अर्थ बघावा. लातूरच्या डॉक्टरांनी हृदयाचा व्हॉल्व्ह लगेच बदलायला सांगितलं आहे. मी मार्चनंतर म्हणाले. म्हणून हा कागद. याआधी मी असा कागद केलेला नाही.

१. राहतं घर यजमानांनी बांधलं. ते चार वर्षांपूर्वी गेले, तेव्हा मुलगा वरद आणि मुलगी देविका यांनी हक्क सोडून ते माझ्या नावे केलं. माझ्या मागे दोघांना निम्मं निम्मं. विकायचं तर विका. पुण्याहून आणि धर्माबादहून कुलूप उघडायला कोण येणार? पण उजवीकडच्या शेजाऱ्याला विकू नका. यजमानांना अंगणात ठेवलं होतं तेव्हासुद्धा त्याने पाण्याची मोटर बंद केली नाही.

२. बोरमाळ आणि पाटल्या देविकाच्या. बँकेतली ठेव दोघा भावंडांची. शिलाई मशीन सून राजश्रीला. तिने मागितलं नाही, पण तिची नजर मी ओळखते.

३. यजमानांच्या टाचणवह्या तनुजा भालके हिला. या कलमाला वरदची हरकत आहे ("आई, रद्दी हाय ती"), म्हणून कारण लिहिते.

यजमान तेहतीस वर्षे पाचवी ते सातवीला इंग्रजी शिकवत. दुसऱ्या दिवशी वर्गात घ्यायचा धडा ते आदल्या संध्याकाळी मला शिकवत. मी भाकऱ्या थापायची, ते पाटावर बसून वाचायचे, अर्थ सांगायचे, प्रश्न विचारायचे. मला समजलं की वर्गाला समजणार, असा त्यांचा हिशोब. मग वहीत टाचण काढायचे. माझी अडलेली जागा समासात पेन्सिलीने लिहायचे.

एका वर्षी सातवीचा चाचणीचा निकाल फार पडला. पाटावर येऊन बसले. मग म्हणाले, "घरी तर चटकन समजून राहिलं. शाळंत का समजंना?"

मला कारण कळलं. पुस्तक आठ-दहा वर्षं तेच असायचं आणि तो धडा मी सहाव्यांदा ऐकत होते. पोरं पहिल्यांदा. पण मी ते बोलले नाही. दुसऱ्या संध्याकाळी मीच म्हणाले, "हे काही डोक्यात शिरंना. परत सांगा."

त्यांनी परत सांगितलं, वेगळं उदाहरण घेऊन. दुसऱ्या दिवशी वर्गाला समजलं. शाळेतून आले ते गुणगुणत. तेव्हापासून शेवटच्या धड्यापर्यंत मी न समजल्याचं सोंग केलं. समासातल्या पेन्सिलीच्या निम्म्या खुणा खोट्या आहेत. तनुजाने त्या पुसू नयेत, पोरं अडतात तिथेच त्या आहेत.

४. एक राग लिहिते आणि सोडून देते. घरी बसून दहावी देण्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म भरतात. तो मी एकदा मागितला. यजमान हसले. "सातवीचा धडा तुला तीनदा सांगावा लागून राहिला. दहावी कशी झेपंल गं, शिवगंगे?"

तेव्हाच खरं सांगायचं होतं. सांगितलं असतं तर संध्याकाळचा तास बंद झाला असता. मला फॉर्मही हवा होता आणि तासही. मी तास ठेवला. ते गेल्यावर त्यांचं कपाट पूर्ण उपसलं, कुठे माझ्या नावाचा फॉर्म आणून ठेवलाय का म्हणून. नव्हता. दोष त्यांचा की माझा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. सहा वाजले की पाट मात्र मांडला जातो.

५. तनुजा त्यांची विद्यार्थिनी. आता इथेच इंग्रजी शिकवते. यजमान गेल्यावर टाचणवह्या बघायला आली आणि पाटावर बसून उद्याचा धडा वाचू लागली. मी पुढचं वाक्य बोलून गेले.

"काकू, तुम्हाला तर समदं येतंय की!"

"हाव," मी म्हणाले. जन्मात पहिल्यांदा कबूल केलं.

"मग सरांनी तुमचा दहावीचा फॉर्म का नाही भरला?"

"भाकरी करपून राहिली, सरक तिकडं."

तिनेच फॉर्म आणला आणि गणितही तिनेच शिकवलं. म्हणून माझी पुस्तकांची मांडणी तिला.

६. मला आपल्या रीतीप्रमाणे बसवून माती द्यावी, यजमानांच्या शेजारी.

७. वरद फोनवर म्हणतो, "आधी ऑपरेशन कर, परीक्षा पुढल्या साली दे." बाळा, पुढल्या सालाची खात्री डॉक्टर देईनात. तू रागावलास ते मायेनेच, हे मला कळतं. ऑपरेशनच्या कागदावर सही करायला ये, पण शेवटच्या पेपरानंतर.

माझी गुणपत्रिका आणण्याचा अधिकार तनुजाला देते. पास असो, नापास असो, तिने ती वरदच्या हातात द्यावी. पेपर चालू असतानाच मी गेले, तर न दिलेल्या विषयांपुढे गैरहजर असं येईल. ते बघून कुणी हळहळू नये. गैरहजर लिहायलासुद्धा आधी पटावर नाव लागतं.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि खालच्या दोघांसमोर सही केली.

शिवगंगा गुरुलिंग देवणीकर

साक्षीदार (तनुजाला वह्या मिळणार म्हणून तिची सही चालत नाही, असं वकील म्हणाले):
१. भागवत किशनराव मुळे, निवृत्त शिक्षक
२. शरणम्मा बसप्पा हुडगे, शेजारीण, डावीकडची

अहमदपूर, ११ जानेवारी २०२६