समावेश समितीचा अध्यक्ष मी

३ मार्च, सोमवार
आमचे साहेब शुक्लाजी, त्यांनी मला ऑफिसच्या समावेश समितीचा अध्यक्ष केलं. योग्य निवड. समितीत सध्या मी एकटाच, त्यामुळे मतभेद नाहीत. पहिलं काम अनुसूयाबाई. नवऱ्याची रेल्वेत बदली झाली म्हणून लातूरहून इथे झाशीला, आमच्या ऑफिसात आल्यात. ऐकू येत नाही. ओठांवरून मराठी समजतं, हिंदीत गोंधळतात. मागणं एकच, मीटिंगमध्ये ठरेल ते लिहून द्या. उद्यापासून देणार.

५ मार्च
लिहायला वेळ झाला नाही. पोस्टर मात्र झकास झालं. अनुसूयाबाईंशी मुद्दाम मोठ्याने बोलतो. सिंधू म्हणाली, ओरडून काय होणार, लिहून द्या की. बायकोला कमिटीची कामं कळत नाहीत.

११ मार्च
स्वागत समारंभ. दिवे मालवून स्लाइड्स दाखवल्या, माइकवर वीस मिनिटं बोललो. अनुसूयाबाईंनी सगळ्यांच्या नंतर टाळ्या वाजवल्या. भारावल्या असणार.

१९ मार्च
फायली द्यायची तारीख मीटिंगमध्ये बदलली. सगळ्यांना कळलं, त्यांना नाही. उशीर झाला म्हणून त्यांना मेमो गेला. त्यांनी उलट समितीकडेच तक्रार केली, त्यात माझं नाव तीनदा. मन खट्टू झालं. उद्या नक्की लिहून देईन.

२१ मार्च, दुपारी
हेड ऑफिसच्या धास्तीने शुक्लाजी म्हणाले, "वामनजी, बात लखनऊ तक न जाए। मैडम से राजीनामा ले लीजिए।" तडजोडीचा कागद, एवढंच. म्हटलं, त्यांच्याच मातृभाषेत सांगतो, समावेश म्हणजे दुसरं काय? सुवाच्य अक्षरात चिठ्ठी लिहिली: 'साहेबांना आपला राजीनामा हवा आहे. आजच द्यावा.' बाई चिठ्ठीकडे बघतच राहिल्या. मी हसून मान हलवली.

२४ मार्च
शुक्लाजी कागद घेऊन आले. "ये तो इस्तीफ़ा है, भैया। हमने तो सुलह की बात की थी।" आम्ही पाच पिढ्या झाशीत. घरच्या मराठीतही राजीनामा म्हणजे भांडण मिटल्याचा कागद. लातूरला नोकरी सोडतात, हे मला कोण सांगणार? कागदाच्या शेवटी बाईंनी लिहिलंय, 'तीन आठवड्यांत समितीकडून मला लिहून मिळालेलं हे पहिलंच. त्यामुळे गैरसमजाला जागा नाही.' दोनदा वाचलं. लाज वाटली.

२५ मार्च
त्यांच्या घरी जाऊन खुलासा करायचं ठरवलं. शुक्लाजी म्हणाले, कागद लखनौला गेला, आता राहू द्या. राहू दिलं.

२ एप्रिल
लखनौहून राजीनामा मंजूर. सोबत माझ्या नावे अभिनंदनाचं पत्र: या तिमाहीत समितीकडे एकही तक्रार शिल्लक नाही. सिंधूला दाखवलं नाही.