जपेल

शिंदखेडा,
१२ सप्टेंबर १९८९

चुडामणभाऊ,

दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं अर्ध्यावर बंद करून लिहायला बसले. इकडे सगळे बरे आहेत. कापसाला बोंडं धरलीत. कॅसेट पोचली. कव्हरवर 'खानदेशातला पहिला रॉक बँड' मोठ्या अक्षरात आहे, 'तापी थंडर' त्याहून लहान. तिच्यावर चुकून दुसरं काही भरलं जाऊ नये म्हणून मागच्या कडेचे प्लास्टिकचे दोन्ही कान तू मोडूनच पाठवलेस. तुझी काळजी मला माहीत आहे.

"अभिप्राय खरा लिही, दिवाळीआधी पाचशे प्रती काढतोय," असं तू म्हणतोस. लिहिते.

पहिल्या बाजूला इंग्रजी गाणी. दुसऱ्यांची आहेत आणि तीच बरी झालीत. नकलेत तू प्रामाणिक असतोस. पितांबरचा ड्रम मात्र अजून लग्नातून परतलेला नाही. सासूबाई दळण निवडत होत्या. म्हणाल्या, "कोनी वरात शे वं हाई?"

"मन्हा भाऊनी."

"मंग नवरदेव कोठे शे?"

"नाशिकथीन आनेल शे."

गाणारा कुठून आणलास ते त्यांना कळलं. हसल्या. मीही हसले.

दुसरी बाजू, स्वतःची गाणी. मोटरसायकलवरचं गाणं ऐकून कळतं की तुझ्याकडे मोटरसायकल नाही. त्यानंतरच्या गाण्यातली मुलगी कॉलेजच्या पायऱ्या उतरते आणि गाणं संपेपर्यंत उतरतच राहते. झुलालच्या कॅसिओत जेवढे आवाज होते तेवढे सगळे तिच्या मागे लावलेत.

तिसरं सगळ्यांत चांगलं आहे. त्याखाली तुझं नाव आहे. माझं टाकलं तर सासरी काय म्हणतील, असं तू लिहिलंस. सासरचे काही म्हणाले नाहीत. त्यांना कुणी विचारलंच नाही.

नावाचं राहू दे. ओळ बघ. मी लिहिलं होतं: बठ्ठं गाव जपेल शे, मी एकली जागी शे. नाशिकचा गातो: सारं गाव मला जपेल, मी एकला जागेन.

एकलीचा एकला झाला. चाललं असतं, गळा त्याचा आहे. पण आपल्याकडे जपेल म्हणजे झोपलेलं, हे त्याला कोण सांगणार? त्याच्या मराठीत जपेल म्हणजे सांभाळेल. त्याने सरळ मनाने गायलं. तू तिथे होतास. तुला दोन्ही येतात. "अर्थ उलट गोड लागला, म्हणून राहू दिलं," हे तुझंच वाक्य.

आता पाचशे घरांत गाव मला सांभाळणार.

ती ओळ ज्या दुपारची आहे, तिचा विषय मी काढणार नव्हते. वैशाख होता, गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. मी गॅदरिंगमध्ये तुमच्या बँडबरोबर गायले, हे आबांना कळलं होतं. त्यांनी माझी वेणी धरून मला धान्याच्या खोलीत नेलं आणि बाहेरून कडी घातली. माझी गिटार मोडून बंबात घातली. वैशाखात पाणी तापवलं. शिंदखेड्याचे पाहुणे मला बघायला येईपर्यंत कडी निघाली नाही.

खोलीकडे नेताना मी तुला हाक मारली होती. तू ओसरीवर टॉवेल तोंडावर घेऊन पडला होतास. झोपलेल्या माणसाचा टॉवेल श्वासाने हलतो. तुझा हलत नव्हता.

गाण्यात मी तुला गावात मिसळून टाकलं. झोपलेल्यांत धरलं. तुझ्यासाठी तेवढंच करता आलं, आणि तू तेही पुसलंस.

तर अभिप्राय असा: ओळ होती तशी गाऊन घे, नाहीतर गाणं काढून टाक. मोटरसायकल आणि पायऱ्या तुझ्याच आहेत, त्या ठेव.

आबांना माझा नमस्कार सांगू नकोस.

जागी,
मंदा

१३ सप्टेंबर

पत्र पेटीत टाकायचं राहिलं होतं. सकाळी भाकरी झाल्यावर कॅसेटच्या मोडलेल्या कानावर चिकटपट्टी लावली, प्ले आणि रेकॉर्डची बटणं एकदम दाबली आणि नाशिकच्या आवाजावर माझं गाणं भरलं. मध्येच सासूबाई "चहा पी ले वं" म्हणाल्या, तेही आलं आहे. कॅसेट सोबत आहे.