खड्यातलं पाणी

अण्णा,

आज तुमच्या खड्यातून पाणी निघालं. डोळ्यांनी पाहिलं, तरी अजून खरं वाटत नाही, म्हणून तुम्हाला सांगत बसलेय.

औंधच्या माळावर तुम्ही विहीर खणत होतात तेव्हा मी शाळकरी पोर. खाली नुसता काळा पाषाण. सुरुंग उडाला, धूर निवळला आणि खडकात एक पोकळी उघडी पडली. आत सगळीकडे गुलाबी, चकाकणारे खडे, मधे आवळलेल्या कडब्याच्या पेंढ्यांसारखे. मी हिरे हिरे म्हणत नाचायला लागले. तुम्ही हातातली पाटी आपटलीत. "हिरं पिणार हायस व्हय?" एवढंच बोललात, आणि त्या दिवशी जेवला नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र टोपीतून एक खडा आणलात आणि चुलीपाशी माझ्या पुढ्यात ठेवलात. "घे. माज्या काय कामाचा न्हाई." त्या विहिरीला पाणी लागलंच नाही. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात, आणि आई मला घेऊन सांगलीला मामाकडं आली. खडा माझ्यासोबत आला.

आता माझी लेक इथंच कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकते. तिनं खडा तिच्या बाईंना दाखवला, तर बाईंनी मलाच बोलावून घेतलं. प्रयोगशाळेत बाई समजावून सांगतायत: आपला सगळा मुलूख म्हणजे थिजलेला लाव्हा, थरावर थर. थिजताना आत वायूचे बुडबुडे अडकतात, त्यांच्या पोकळ्या राहतात. मग भेगांतून गरम पाणी झिरपत राहतं, खडकातलं थोडंथोडं विरघळवून पोकळीत आणून ठेवतं, आणि तिथं हे खडे वाढतात. वर तोच काळा खडक ऊनपावसात कुजून मुरूम होतो, मुरमाची माती होते. मी मान डोलावतेय. दगड म्हणजे दगड, तो कुठं बदलतोय, असंच आजवर धरून चाललेली मी.

"त्यातलं थोडं पाणी अजून याच्या आत आहे," बाई म्हणाल्या.

मला चेष्टाच वाटली. त्यांनी मला विचारून कडेची एक कपची काढली, कोरड्या काचेच्या नळीत टाकली आणि नळी ज्योतीवर धरली. कपची पांढरी पडत गेली. नळीच्या वरच्या थंड काचेवर आधी वाफ धरली, मग थेंब. खरे थेंब, अण्णा, ओघळणारे. मी पुढं वाकून ते मोजायला लागले. लेक काच तापलीय म्हणत मला मागं ओढत राहिली. जी पोकळी बघून तुमचं जेवण गेलं, ती पाण्यानंच भरली होती. हे तेव्हा कळलं असतं तर तुम्हाला बरं वाटलं असतं की अजूनच वाईट, मला ठरवता येत नाही.

घरी येऊन आईला सांगितलं. ती हल्ली बहुतेक पडूनच असते.

"पानी? किती?"

थेंबभर, म्हटलं. तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं.

हे पत्र कुठं जायचं नाही, म्हणून एवढं सांगते. लेकीलाही बोललेली नाही. नळी निवल्यावर बाई मागं वळल्या, तेव्हा मी नळीच्या तोंडात बोट फिरवून तो थेंब जिभेवर ठेवला. कसलीच चव नव्हती.