आईने लॅपटॉप उसवला

प्रिय भिंगरी,

परवा फोनवर तू विचारलंस, "आईला आता नक्की काय काय जमतं?" मी म्हणालो, "सगळं." त्यावर तू लगेच विषय बदललास. बापाच्या शब्दाला तुझ्याकडे किती किंमत आहे ते मला माहीत आहे. जन्मभर बस चालवताना मीही प्रवाशांना "आलंच, आलंच" म्हणत आलोय. तुझ्या त्या विषय बदलण्यात काहीतरी शिजतंय एवढं मात्र मला कळलं. म्हणून सगळं नीट लिहून कळवतो. चहा घेऊन बस, कारण थोडक्यात सांगणं माझ्या रक्तात नाही.

मेंदूच्या त्या झटक्यानंतर तू आईला पाहिलंस, तेव्हा होती तशीच ती आहे. उजवा हात अजून आळशी आहे आणि शब्द दगा देतात. समजतं सगळं, पण बोलायला गेली की शब्द भलत्याच खणातून निघतो. कात्री हवी असली की चमचा मागते. मला कंडक्टर म्हणते! जन्मभर स्टिअरिंग धरलं आणि घरच्या घरी माझी बदली झाली. आपण चुकलो हे तिलाही कळतं, मग ती बोलायचंच सोडून देते. ते मला बघवत नाही. बोलण्याचा सराव करून घेणाऱ्या बाई दर वेळी तिला विचारतात, "आज तारीख काय?" ती साडीचा काठ चुरगाळत बसते आणि मी उगाच खिडकीबाहेर बघतो.

तर तीन आठवड्यांपूर्वी नाट्यगृहातून कटिंगवाली मावशी आली. आईच्या हाताखाली तयार झालेली ती, आता तिथला सगळा कपडेपट तीच बघते. राजाचं ते जुनं नाटक पुन्हा उभं राहतंय. त्यातला राजाचा झगा, आईने कापलेला, पेटीत कुजून गेला. त्याचे कागदी पॅटर्नही गेले. कॉम्प्युटरवर काढलेला मूळ पॅटर्न मिळाला तर झगा पुन्हा शिवायचा, नाहीतर तयार कपडे भाड्याने आणायचे असं वरच्या लोकांनी ठरवलंय. मावशी हे सगळं मला सांगत होती, हल्ली सगळे मलाच सांगतात. आईने दोनदा टेबलावर थाप मारली आणि कपाटावर बोट दाखवलं. मी स्टुलावर चढलो आणि तिचा जुना लॅपटॉप खाली काढला. फरशीसारखा जड आहे तो!

चालू केला तर चित्र यायच्या आधीच काळ्या पडद्यावर पासवर्ड मागायला लागला. तुला आठवत असेल, कुणीतरी तिला न विचारता सेनापतीच्या पोशाखाची कॉलर कॉम्प्युटरवर बदलून ठेवली होती. दुसऱ्याच दिवशी तिने हे कुलूप घातलं, आणि इतकं पक्कं घातलं की मशीनने नीट डोळेही उघडू नयेत. आता शब्द हवा होता, आणि घरात नेमकी त्याचीच टंचाई. तिने डोळे मिटून बराच प्रयत्न केला. मी तुझं नाव टाकलं, तुझ्या भावाचं टाकलं, शेवटची आशा म्हणून माझ्या बसचा नंबरही टाकून पाहिला. दर थोड्या वेळाने ते मशीन रुसून बंद व्हायचं. आई भिंतीकडे तोंड करून झोपली. मावशी दारात चप्पल घालताना मला हळूच म्हणाली, "जाऊ द्या हो, त्यांना त्रास नको." आईचे कान शाबूत आहेत, हे लोक विसरतात.

सकाळी उठून बघतो तर तुझी आई तयार होऊन, लॅपटॉप पिशवीत घालून दारात उभी. कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटरवाल्याकडे गेलो. त्याने आधी विचारलं, "काका, लॅपटॉप कुणाचा?" आईने स्वतःच्या छातीवर हात मारला, तो असा की त्याने पुढे पावतीबिवती मागितलीच नाही. पोरगा भला आहे. म्हणाला, "नवीन मशीन असतं तर कंपनीकडेच पाठवावं लागलं असतं. हे जुनं आहे. याच्या पोटात चकतीसारखा सेल असतो, तो काढून ठेवला की बहुतेक पासवर्ड विसरतं. पण काकू, प्लास्टिक पार ठिसूळ झालंय, आणि माझ्याकडे कामाचा ढीग पडलाय. ठेवून जा, महिनाभर तरी लागेल." महिन्याभरात नाटक रंगमंचावर आलं असतं. आईने शांतपणे लॅपटॉप परत पिशवीत घातला आणि त्याच्या टेबलावरच्या स्क्रू-ड्रायव्हरकडे बोट दाखवलं. त्याने तो दिला. मी मध्ये पडणार होतो, पण तिचे ते डोळे तू पाहिलेयस. मी पिशवी धरली.

घरी तिने कापायच्या टेबलावर पांढरं कापड अंथरलं. जुना कपडा उसवताना तिची पद्धत तुला ठाऊकच आहे. आधी खाकी कागदावर त्याची आकृती काढायची, मग सुटलेला एकेक भाग जिथला तिथे टाचायचा, म्हणजे परत जोडताना चूक होत नाही. लॅपटॉपही तिने तसाच उसवला. डाव्या हाताने, वाकड्यातिकड्या रेषेत, कागदावर त्याच्या तळाची आकृती काढली. चार्जर आणि बॅटरी काढायला मला खुणेने सांगितलं. निघालेला प्रत्येक स्क्रू कागदावर त्याच्या जागी टोचून उभा केला. माझं काम एकच, मशीन घट्ट धरायचं आणि तोंड बंद ठेवायचं. पहिलं जमलं. कॉलरचं टोक बाहेर काढायची ती बोथट पट्टी तिने फटीत घातली आणि शिवण सोडवावी तशी कड सोडवत गेली. एकदा 'कट' असा आवाज झाला आणि मी तिच्याकडे पाहिलं. तिने मान हलवली, काही नाही म्हणून. आत धूळ, तारा, आणि एका कोपऱ्यात तो सेल. तिने तो काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

मला लगेच परत बसवायचा होता. तिने मला खुर्चीत बसवलं. कपडा असो की माणूस, घाईने काम बिघडतं हे तिचं जुनं म्हणणं. चहा झाला, भांडी झाली, तेव्हा कुठे तिने हात पुढे केला. सगळं उलट क्रमाने जोडलं, एकही स्क्रू उरला नाही. मी एकदा बसचा आरसा दुरुस्त केला होता तेव्हा दोन उरले होते.

बटण दाबलं. पासवर्ड मागितला नाही! मी ओरडणार, तेवढ्यात पडद्यावर नवीन रडगाणं आलं: तारीख आणि वेळ चुकीची आहे, नीट करा. सेल काढल्यामुळे मशीन कितीतरी वर्षं मागे गेलं होतं. माझा हात पुढे झाला, तारीख मी टाकणार होतो. तिने तो बाजूला सारला. मग एक बोट, एक आकडा. दिवस. महिना. वर्ष. कुठेही न बघता. मी गुपचूप स्वयंपाकघरात जाऊन कॅलेंडर पाहिलं. बरोबर होतं सगळं. मी तिथेच ओट्याला टेकून रडलो, पोरी, आणि मला त्याची काही लाज वाटत नाही.

झग्याचा पॅटर्न मिळाला. मावशी धावत आली, पण आईने तिला तो तसाच नेऊ दिला नाही. यंदाचा राजा चांगला पोटाला सुटलाय म्हणे. आईने त्याची मापं मागवली, दोन दिवस बसून पॅटर्न दुरुस्त केला आणि मगच सोडला. आता आठवड्यातून दोन दिवस तिला नाट्यगृहात बोलावलंय. शब्दांची गरज पडली तर मावशी आहे, म्हणाले. मला दारातच सोडून ती आत जाते. मी आपला बाहेर बाकावर छाती काढून बसतो. येणाराजाणारा बघतो, याला झालंय काय म्हणून.

आता हे पत्र का, ते सांगतो. तुझ्या भावाकडून कळलं की संशोधनाच्या त्या जहाजावरची इंजिनिअरची जागा तू नाकारणार आहेस आणि आईसाठी कायमची घरी येणार आहेस. मी ते तिला सांगितलं. तिने माझ्यासमोर हा कागद ठेवला. मी विचारलं, "काय लिहू?" ती शब्द शोधत राहिली. एरवी मी तिच्या तोंडात शब्द घालतो, पण या वेळी जीभ चावून गप्प बसलो. शेवटी ती म्हणाली, "सांभाळायला नको येऊ." परत थांबली, आणि म्हणाली, "भेटायला ये." बाकीचं पत्र माझं आहे, पण ही दोन वाक्यं तिची आहेत. त्यात मी पदरचं काही घातलेलं नाही.

तुझाच,
आणि तिच्या वतीने लिहिणारा,
बाबा