उलट्या विमानाचे तिकीट परत मिळण्याबाबत

प्रति,
मे. महालकरी साहेब,
मुळशी महाल, पौड, जिल्हा पुणे.

विषय : सौ. गोजराबाई कोंडाजी मारणे यांच्या पाकिटावरील पोस्टाचे तिकीट बदलले गेल्याची चौकशी येत्या अमावस्येपूर्वी होणेबाबत.

संदर्भ : मागील बाजारच्या दिवशी आपल्या शिपायास सांगितलेली तोंडी हकीकत. ती आपल्यापर्यंत पोचली की वाटेतच मुरली, हे कळण्यास मार्ग नाही.

महोदय,

साहेबांनी खुर्ची जरा पुढे ओढून घ्यावी, कारण ही हकीकत मोठ्याने वाचण्याजोगी नाही. मी कीर्तनाचा वेडा माणूस, तरी पूर्वरंग लांबवीत नाही, आख्यानच सांगतो.

माझे चुलतभाऊ कोंडाजी मारणे मुळशी धरणाचे काम संपल्यावर मुंबईस जाऊन आगबोटीवर खलाशी झाले. पंचवीसेक वर्षांमागे लांबच्या मुलुखातून त्यांनी गोजरावहिनींना एकच पत्र धाडले. ते हवाई जहाजाने आले, म्हणजे पंख नसलेल्या, दुधीभोपळ्यासारख्या लांबट फुग्याच्या विमानाने. तिकिटावर त्याच विमानाचे चित्र होते आणि छापखान्याच्या चुकीने ते उलटे छापले गेले होते. त्यानंतर दादांची खबर नाही. बरी नाही, तशी वाईटही नाही. म्हणून वहिनी आजही कुंकू लावतात.

वहिनींना वाचता येत नाही. त्यांनी पाकीट देव्हाऱ्यात ठेवले ते चित्र पाहून, विमान सुलटे करून. त्यामुळे दादांचे हस्ताक्षर इतकी वर्षे डोक्यावर उभे राहिले, आणि धन्याचे अक्षर असेच असते अशी वहिनींची समजूत झाली. आम्हीही कोणी सुधारले नाही. देव्हाऱ्यातल्या वस्तूला हात कोण लावणार?

मार्गशीर्षातल्या सप्ताहाला श्री. हैबतराव ढमाले, राहणार पुणे, आमच्या गावचे जावई, आले. त्यांना जुनी तिकिटे जमवण्याचा नाद, आणि अशा नादिष्टांत चुकीच्या छपाईलाच मोठे मोल. पाकीट दृष्टीस पडल्यावर त्यांचे कीर्तनात लक्ष राहिले नाही. बुवा गजेंद्राच्या धाव्यापर्यंत आले, सारा मांडव रडत होता आणि हे गृहस्थ कोरडे. मला तेव्हाच शंका यावयास हवी होती. फोटो काढून परत करतो म्हणून त्यांनी पाकीट नेले. परत आले ते एसटीच्या कंडक्टरहाती.

वहिनींनी ते नेहमीप्रमाणे विमान सुलटे करून ठेवले आणि मला बोलावून म्हणाल्या, "भावजी, ह्ये आपलं न्हाई. इमान सरळ धरलं तर धन्याचं अक्षार वळखू येईना, आन् अक्षार वळखीचं धरलं तर इमान खाली डोकं करतंया."

मी नीट पाहिले. पोस्टाचा गोल शिक्का निम्मा तिकिटावर व निम्मा पाकिटावर पडलेला असतो. येथे दोन निम्मे जुळत नाहीत, गाडीच्या चाकाची लोखंडी धाव सुटावी तसे. म्हणजे चुकीच्या छपाईचे तिकीट उकलून तेथे त्याच चित्राचे दुसरे, धड छपाईचे, चिकटवले आहे.

पंचांकडे गेलो. परंतु जावयाची झडती घेणारे गाव अजून वसलेले नाही. पाटील हसून म्हणाले, नथू, तिकीटच ना, पोस्टात नवं मिळंल.

वहिनींनी अखेर अक्षर ओळखीचे धरले, त्यामुळे देव्हाऱ्यात विमान उलटे झाले. ते पाहून दादांचा सख्खा भाऊ बहिरू याने बोभाटा केला की विमान उलटले, हा दादा गेल्याचाच कौल. येत्या अमावस्येला वहिनींच्या बांगड्या फोडायच्या असे भावकीने ठरविले आहे. बहिरूस एवढी घाई का? जावयांचा चहा त्याच्याच ओट्यावर झाला होता. कंडक्टर मला पाहिले की उगाच शिट्टी पुसतो. कीर्तनातला पेटीवालाही हल्ली मी समोर बसलो की सूर चुकतो. पूर्वी निरूपणात माझे डोळे मिटत. आता एक उघडा ठेवून ऐकतो, आणि त्याने पुण्य निम्मेच लागते हे मला ठाऊक आहे.

तरी साहेबांनी जावयांस बोलावून मूळ तिकीट परत करवावे. अमावस्येपूर्वी ते न जमल्यास, तिकीट माणसाच्या हाताने बदलले आहे, त्यात दैवाचा कौल नाही, एवढे सहीशिक्क्यानिशी लिहून द्यावे. बहिरू देवाला भीत नाही, सरकारी शिक्क्याला भितो. पाकीट अर्जासोबत जोडलेले नाही. ते वहिनींच्या पदराखाली आहे. साहेबांनी स्वतः येऊन पाहावे, कारकुनास धाडू नये.

आणखी एक विनंती. सायंकाळी आपण देवापुढे दिवा लावाल तेव्हा आमच्या दादांची आठवण ठेवावी. नाव कोंडाजी. या कामाच्या कागदांत ते जेथे जेथे येईल, तेथे त्याआधी 'कै.' लिहू नये.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
आपला नम्र,
नथू म्हसू मारणे
मु. मुठा, ता. १० फेब्रुवारी १९५८