काचेपलीकडची पंगत

बूढापारा, रायपूर
७ डिसेंबर २००३

चि. गंधालीस,
अनेक आशीर्वाद. फोनवर मला अर्धंच ऐकू येतं, म्हणून लिहितो. दिवाळीत तू मांडून दिलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत आधी तपकिरी धूळ बसली, ती पुसली. आता दगडांवर हिरवं शेवाळ आलंय, केसांसारखं लांब. तू कोचीहून आणलेलं मऊ प्रवाळ त्यात बुडत चाललंय. तीन दिवस उमललं नाही. दोन्ही नारिंगी मासे मात्र मजेत आहेत. जेवणाचं टेबल मी टाकीला लावून घेतलंय.

शेजारचे रामकृष्ण म्हणतात, असं हिरवं पाणी बुढ्या तालाबात फुकट दिसते, तुम्ही घरात काहून पाळून राहिले. काय करू ते कळव.

तुझा,
बाबा

कोची
१४ डिसेंबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि. तपकिरी धूळ नव्या टाकीत येतेच, आपोआप जाते. हिरव्याचं तसं नाही. दातांच्या जुन्या ब्रशनं ते दगडांवरून खरवडा, सुटलेलं जाळीनं बाहेर काढा. टाकीचा दिवा सहा तासच ठेवा. माशांना दाणे दिवसातून एकदाच, चिमूटभर. उरलेलं कुजतं आणि शेवाळ त्यावरच पोसतं. प्रवाळ पुरतं झाकलं गेलं तर वाचणार नाही.

खरं सांगा, दाणे किती वेळा टाकता? रामकृष्णकाकांना म्हणावं, फुकटचा सल्ला नको, ब्रश घेऊन या.

तुमची,
गंधाली

रायपूर
४ जानेवारी २००४

चि. गंधालीस,
अनेक आशीर्वाद. चार वेळा टाकत होतो. सकाळचा चहा, जेवण, दुपारचा चहा, रात्रीचं जेवण. तुझी आई होती तोवर ‘जेवायचं ना?’ असं एकमेकांना विचारल्याशिवाय घरात कोणी घास घेतला नाही. ती गेल्यावर विचारायला हे दोघंच उरले. मी ताट घेतलं की काचेशी येऊन बघत राहतात. त्यांना टाकल्याशिवाय मला घास उतरत नसे. दिवाही मी झोपेपर्यंत असायचा.

आता सकाळी एकदाच टाकतो. शेवाळ निम्मं गेलं, प्रवाळ काल दोन बोटं उमललं. मी स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्यानं जेवतो, तिथून टाकी दिसत नाही. काळजी करू नकोस.

बाबा

कोची
११ जानेवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि. पत्र दोनदा वाचलं. चिमूट सकाळीच टाकायला हवी असं नाही. उद्यापासून दिवा दुपारी अडीचला लावा, रात्री साडेआठला मालवा. आठ वाजता टेबलाशी बसा, आधी त्यांना टाका, मग जेवा.

मीही इथे आठलाच ताट घेऊन बसेन. इथे आल्यापासून मीसुद्धा ओट्याशी उभ्यानंच जेवत होते.

घास घेण्याआधी मला फोनवर विचारत जा, अर्धंच ऐकू आलं तरी चालेल.

गंधाली