वाचक क्रमांक सात

३ जानेवारी
मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, बाई, छापील अंक परवडत नाही. डिजिटल काढा. मेअखेर वाचक दिसले तर मासिक चालू, नाहीतर आपण दोघं घरी. त्यांना घरी बसायची सवय आहे, मला नाही. वीस वर्षं संपादक आहे. कागद काय आणि काच काय, मजकूर चोख हवा.

५ जानेवारी
धोरण पक्कं. अंक उघडला की आधी अग्रलेख. तो शेवटपर्यंत सरकवल्याशिवाय कोडं नाही, कथा नाही, काही नाही. आयटीवाली म्हणाली, मॅडम, लोक पळतील. म्हटलं, पळणारे आपले नव्हेतच.
मला संपादकाचा खास दरवाजा नको, चारचौघांसारखं वाचकाचंच खातं दे, असं बजावलं. वाचकाला दिसतं तेच मला दिसलं पाहिजे. आणि कोणी किती वाचलं त्या रिपोर्टमध्ये कोणाचं नाव नको, नुसते क्रमांक. लोकांच्या वाचनात नाक खुपसणं असभ्यपणाचं.

२ फेब्रुवारी
पहिला डिजिटल अंक गेला. वर्गणीदार एक्केचाळीस. दिवसभर ऑफिसच्या टॅबवर अंक तपासला. अग्रलेख नऊ वेळा वाचला. दर वेळी जास्त आवडला.

६ फेब्रुवारी
रिपोर्ट आला. चाळीस जण अग्रलेखाच्या दुसऱ्या परिच्छेदात गळाले. पण एकाने अंक अथपासून इतिपर्यंत वाचला. वाचक क्रमांक सात. अग्रलेख नऊ वेळा!
असा एक वाचक शंभरांना भारी. घरी यांना सांगितलं. हे म्हणाले, नऊ वेळा? समजला नसेल बिचाऱ्याला.
जेवताना यांना दुसऱ्यांदा भाजी वाढली नाही.

२ मार्च
वाचकाचा कल ओळखणं म्हणजेच डिजिटल. सात कोड्याला हात लावत नाही. मलाही कोडं कधी आवडलं नाही. कोडं बंद. अग्रलेख दुप्पट.
आयटीवाली म्हणाली, कोडं अग्रलेखाच्या मागे गेल्यापासून नुसते तक्रारीचे फोन, फोन उचलून कान दुखले. म्हटलं, तो गाळ आहे, बसू दे खाली.

१४ मार्च
ताप. अंथरुणात. टॅब ऑफिसात राहिला.

१९ मार्च
आयटीवालीने फोनवर रिपोर्ट वाचून दाखवला. सात नंबर गेल्या पाच दिवसांत फिरकलेला नाही. जीव खालीवर. कुठे चुकलं? अग्रलेख त्रोटक झाला का? हे म्हणाले, त्यालाही ताप आला असेल. लग्नाला इतकी वर्षं झाली, पहिल्यांदाच समजूतदार बोलले.

२२ मार्च
कामावर रुजू. सातही आजच परतला! सकाळपासून अग्रलेखावर बसून आहे. अशी तार कुणाशी जुळली नव्हती. यांच्याशीसुद्धा.

१७ एप्रिल
बावीस जणांनी वर्गणी परत मागितली. उरलेल्यांत अंक उघडणारे तीन. सात, मालक (फक्त मुखपृष्ठ, त्यांनीच सांगितलं) आणि वन्सं. वन्संचा फोन आला, अगं, तुझा तो अंक फोनमधून काढायचा कसा? म्हटलं, काढायचा नसतो, वाचायचा असतो. म्हणाल्या, वाचायला गेले तर तुझं भाषण संपेचना, म्हणून तर काढतेय.
घरचीच माणसं खच्ची करतात.

११ मे
अग्रलेख आता पाच पानी. सात एकही ओळ सोडत नाही. मेअखेरची काळजी नाही. मालक व्यापारी माणूस. मोजतील, पण असा वाचक पाहिला तर विरघळतील.

३१ मे
मालक आले. रिपोर्ट पाहिला. म्हणाले, बाई, इथे एकच माणूस वाचतोय. मी उभी राहून सातबद्दल दहा मिनिटं बोलले. त्याची अभिरुची, चिकाटी, निष्ठा.
मालक म्हणाले, एवढा मोठा माणूस आहे तर बोलवा की, चहा पाजू. खुर्चीही ओढून ठेवली. आयटीवालीला मी मजकूर सांगितला: आपल्यासारख्या सुजाण वाचकाच्या बळावरच हे मासिक उभे आहे, कृपया भेटीस यावे. तिने तो सातच्या खात्यावर पाठवला.
टेबलावरचा टॅब वाजला. माझा.
मालकांनी मजकूर मोठ्याने वाचला. आयटीवाली खिडकीकडे बघत म्हणाली, मॅडम, चारचौघांसारखं खातं तुम्हीच मागितलं होतंत.
मालक हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, बसा, बाई. सातसाठी ओढलेल्या खुर्चीवर मी बसले. चहा आला. पुढचा अंक शेवटचा, हे त्यांनी चहा संपल्यावर सांगितलं. तेवढी माणुसकी आहे.
घरी यांनी विचारलं, आला का तुझा सात नंबर?
म्हटलं, आला. वेळेवर आला.
शेवटच्या अंकात कोडं घेतलं आहे. अग्रलेखाचे दोनच परिच्छेद. सात काही म्हणणार नाही.